मांजर पोचवायला आलेली आत्या

तुमसरच्या ज्या वस्तीत मी वाढले तिथे दिवसभर राईस मिलची घरघर चाले. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कोंड्याची धूळ बसे आणि आई ते कपडे घडी करण्याआधी प्रत्येक कपडा असा झटके की जणू त्यानंच काही गुन्हा केलाय. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली होती की मिल बंद पडली की आई चुलीपासून दचकून उठायची आणि काय झालं म्हणून दारात येऊन पाहायची. बाबांना मात्र त्या घरघरीच्या खालचे आवाज ऐकू येत. जेवता जेवता हात थांबवून ते म्हणायचे, "ऐका. शिंपी बोलून राहिला." शिंपी म्हणजे पानं शिवून घरटं करणारं पाखरू. आम्ही ऐकायचो. आम्हाला मिल ऐकू यायची. तरी आम्ही दोघी मान डोलवायचो, कारण भात गार होत असे.

बाबा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होते. हा शब्द त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर होता, बाकी जगासाठी ते डॉक्टरच. मुख्य डॉक्टर कधी असत, कधी नसत. बाबा रोज असत. दिवसभर ते बैलांच्या खुरांतले किडे काढायचे, म्हशींच्या आचळांना मलम लावायचे, गोऱ्ह्यांना खच्ची करायचे, आणि संध्याकाळी हात घासूनपुसून, पांढरा सदरा घालून बुद्धाच्या तसबिरीसमोर पंचशील म्हणायचे. पहिलं शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना बाबांचा आवाज किंचित ओला व्हायचा. रविवारी आमच्याकडे कोंबडी शिजत असे, पण ती बाजारातून कापून आणलेली असे, आणि त्या बाबतीत आमच्या घरात कोणी खोलात शिरत नसे.

घरामागे बाबांची बाग होती. बाग म्हणजे तुम्ही समजाल तशी नव्हे. एक पेरू, एक लिंबू, दोन सीताफळं, तोंडलीचा मांडव, सांबाराचा वाफा (सांबार म्हणजे कोथिंबीर, माझ्या पुण्याच्या सुनेला हे दरवेळी सांगावं लागतं) आणि एका कोपऱ्यात धोप्याची, म्हणजे अळूची, मोठाली पानं, ज्यांच्या वड्या आई करायची. मध्ये पसरट मातीचं भांडं, पाखरांच्या पाण्यासाठी. त्यात बुलबुल अंघोळ करत, सातभाई भांडत, खारी येऊन दोन हातांनी तोंड धुतल्यासारखं करत. बाबा दवाखान्यातून आले की बूट काढायच्या आधी ते भांडं भरत. आईच्या घागरी त्यानंतर.

अशा घरात एका दुपारी माझी कौतिकाआत्या आली. बाबांची मोठी बहीण. बाबा तान्हे असताना त्यांना पाठीशी बांधून तिनं धानाची रोवणी केली होती, असं बाबा सांगत. आत्या मात्र म्हणे की तसं काही नव्हतं, पाठीशी बांधलं नसतं तर त्यानं चिखल खाल्ला असता. ती दिघोरीला दिलेली होती. दारात उभी राहिली तेव्हा तिच्या एका हातात लोखंडी पेटी होती आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवी हलत होती.

"बाई, असं अचानक?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या घरी उंदीर लय झाले म्हणे," आत्या म्हणाली. "म्हणून मांजर पोचवाले आली."

पिशवीतून एक करड्या पट्ट्यांची मांजर बाहेर आली, तिनं घर एकदा नजरेखालून घातलं, आणि बाबांच्या खुर्चीवर जाऊन बसली. आमच्या घरी उंदीर होते हे खरं, पण त्याची बातमी पार लाखांदूर तालुक्यात, दिघोरीपर्यंत जावी इतके नव्हते. मांजर पोचवायला येणारं माणूस पेटी घेऊन येत नाही, हेही सगळ्यांना दिसत होतं. दिघोरीला आत्याच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली होती. आत्याला मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट आमच्या घरात भांड्यांच्या आवाजाआड, आई-बाबांच्या कुजबुजीत मी ऐकली. समोरासमोर ती कोणीच काढली नाही. आत्या म्हणाली मांजर पोचवायला आले, आणि आम्ही म्हणालो बरं झालं आणलीस. आई म्हणाली, "चार दिवस राहा मग, बाई. मांजर रुळेपर्यंत." आत्या म्हणाली, "हो, रुळली की जाते." ती मांजर पहिल्याच तासात रुळली होती, पण ते कोणी बोलून दाखवलं नाही.

मांजरीचं नाव पाटलीण. नाव आत्यानंच ठेवलेलं. "चालनं पाहा ना तिचं," ती म्हणायची. "गावातून पाटलीन कशी चालते? रस्ता आपला हाय, अशी. तशी चालते हे." आणि मग हात जोडून मांजरीला म्हणायची, "या पाटलीनबाई, जेवाले या." आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या जिच्या अंगणाबाहेर उभं राहावं लागलं, तिला आत्या रोज दोन वेळा सुकटाचा भात कालवून पुढे ठेवायची. यात तिला केवढं सुख होतं ते मला फार उशिरा समजलं.

आता पाटलीणबाईंच्या कामाविषयी. उंदीर तिनं मारलाच नाही असं नाही. एक मारला. तो म्हातारा होता आणि बहुधा स्वतःच थांबला होता. बाकीचे उंदीर धानाच्या कणगीमागे पूर्वीसारखे नांदत राहिले. पाटलीणीचं सगळं लक्ष बागेत. दुपारी ती तोंडलीच्या मांडवाखाली, सावलीचा तुकडा पडावा तशी पडून असे. डोळे मिटलेले. शेपटीचं फक्त टोक हलतंय. पाण्याच्या भांड्यावर चिमणी उतरली की ते टोकही थांबे. पुढचं दिसतच नसे. दिसे ती फक्त हवेत तरंगणारी दोन पिसं. पाखरू हाती लागण्याजोगं नसलं, वर फांदीवर असलं, तर तिच्या जबड्यातून दात वाजल्यासारखा बारीक कटकट आवाज येई, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारखा. आता मी भंडाऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. समोरच्या गॅलरीत शेजाऱ्यांची एक पांढरी, केसाळ, पाकिटातलं खाणं खाणारी मांजर जाळीमागे बसून कबुतरांकडे पाहत अगदी तोच आवाज काढते. तिच्या मालकीणबाई म्हणतात, ती कबुतरांशी गप्पा मारते. मी कबुतरांकडे पाहते.

पाटलीण शिकार खायची क्वचित. तिचं पोट भरलेलंच असे. ती शिकार आणून द्यायची, आणि तीही बाबांनाच. सकाळी बाबा दवाखान्यात जायला निघाले की त्यांच्या बुटात काही ना काही असे. कधी सरडा, कधी पाकोळीचा पंख, कधी अर्धी खार. एकदा बाबांनी न बघता पाय घातला आणि आत बेडूक निघाला, तोही जिवंत. बेडकापेक्षा बाबाच जास्त उडाले.

"तुले मानते ते," आत्या समजवायची. "घरातला मोठा मानूस कोन, तिले समजते. आमाले देते का काही?"

"बाई, तिला बांधून ठेव."

"मांजर बांधतात का गा नामदेवा? बकरी हाय का ते?"

बाबांनी मग उपाय सुरू केले. बैलांच्या गळ्यातल्या माळेतलं एक घुंगरू काढून पाटलीणीच्या गळ्यात बांधलं. चार दिवस बागेत छुमछुम झाली आणि पाखरं वाचली. पाचव्या दिवशी ती घुंगरू न वाजवता चालायला शिकली. मान ताठ ठेवून, फक्त खालून पाय सरकवायचे, अशी. घुंगरू वाजे ते फक्त शेवटच्या झेपेला, म्हणजे पाखराला बातमी आणि मरण एकदमच मिळे. बाबांनी भांडं उंच दगडावर ठेवलं. पाटलीणीला दगड आवडला. बाबांनी भोवती बोराटीचे काटे रचले. त्या काट्यांत बाबांचंच धोतर फाटलं. आत्याला त्यांनी सांगितलं की मांजरीला जास्त खायला घाल, म्हणजे शिकार करणार नाही. आत्यानं आनंदानं वाढवलं. पाटलीण गुबगुबीत झाली आणि शिकारीला तिला आणखी फुरसत मिळाली. तिचं पोट आणि तिची शिकार या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दिवसभर जनावरांत वावरणाऱ्या बाबांना हे ठाऊक असायला हवं होतं, पण मांजरी त्यांच्या दवाखान्यात कोणी आणत नसे.

मेलेली पाखरं बाबा लिंबाच्या बुडाशी पुरायचे. त्या वर्षी लिंबं इतकी लागली की आईनं तीन बरण्या लोणचं घातलं आणि शेजारी वाटलं. लोणचं उत्तम झालं होतं. बाबांनी ते खाल्लं नाही.

हळूहळू बाग गप्प झाली. सातभाई आधी गेले, मग खारी दिसेनाशा झाल्या, सरडे संपले. तोंडलीच्या पानांना अळ्यांनी चाळणी केली, कारण त्यांना टिपणारं कोणी उरलं नव्हतं. आणि याच काळात आमच्या घरातलं बोलणं बदललं. आत्याचे चार दिवस होऊन कितीतरी महिने लोटले होते. दोन खोल्यांचं घर, एका खोलीत आत्या आणि मी. आई वाईट नव्हती, पण चुलीपाशी दोन बायका म्हणजे तिखटाचा अंदाज दोघींचा वेगळा. आत्या लाखोळीच्या डाळीत लसूण जास्त घालायची, आई कमी. हे भांडण कधी झालं नाही. त्याऐवजी आई बाबांना म्हणायची, "मांजरीले फार दिवस झाले आता घरात." बाबा म्हणायचे, "हो, काहीतरी करावं लागेल मांजरीचं." आणि आत्या पलीकडच्या खोलीत माझी वेणी घालताना म्हणायची, "मांजर कोनाले भारी होऊन राहिली का वो पोरी?" मी म्हणायचे, नाही. तिचे हात केसांत क्षणभर थांबत, मग वेणी जास्तच घट्ट होई. घरात तिघं मोठी माणसं एकमेकांशी मनातलं बोलत होती, पण सगळं त्या मांजरीच्या पाठीवरून.

उन्हाळ्यात तोंडलीच्या मांडवावर, बाबांनी जिवापाड पाणी घालून हिरव्या ठेवलेल्या एका कोपऱ्यात, बुलबुलांच्या जोडीनं घरटं केलं. बाबांचं वयच कमी झालं. दवाखान्यातून ते दुपारी जेवायला येऊ लागले, जे कधी येत नसत, आणि हातात काठी घेऊन मांडवाखाली बसत. पाटलीण समोर बसे. दोघं एकमेकांकडे पाहत. पिल्लं निघाली तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेऊन दाखवली, खरं तर मी खांद्यावर घेण्याएवढी लहान राहिले नव्हते. गुलाबी, आंधळी, नुसती उघडी तोंडं. "शीला, आवाज नको करू," ते म्हणाले, आणि त्यांचे स्वतःचेच गुडघे कटकट वाजले.

बुद्ध पौर्णिमेला आमच्या अंगणात वंदना असे. वस्तीतली सगळी मंडळी पांढरे कपडे घालून आली होती. आईनं चिन्नोर तांदळाची खीर केली होती, तिचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. सतरंजीवर पुढे वस्तीतले म्हातारे गुरुजी, त्यांच्या शेजारी बाबा. वंदनेनंतर बाबा करुणेवर चार शब्द बोलणार होते. आठवडाभर त्यांनी त्याची तयारी केली होती आणि आम्हा सगळ्यांना ते पाठ झालं होतं. पाटलीणीला आतल्या खोलीत कोंडलं होतं. खिडकीचा एक गज तुटका आहे हे बाबा विसरले होते.

पंचशील सुरू झालं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. मी मधूनमधून डोळे उघडत असे, कारण खीर कुठवर आली ते पाहायचं असे. पहिलं शील संपता संपता सतरंजीच्या कडेनं पाटलीण येताना मला दिसली. घाई नाही, संकोच नाही. पांढऱ्या लुगड्यांच्या मधून वाट काढत ती थेट बाबांपर्यंत आली आणि तोंडातलं पिल्लू त्यांच्या जोडलेल्या हातांखाली, गुडघ्यापाशी ठेवलं. मग मागे सरून बसली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. पिल्लाचा एक पाय अजून हलत होता. तेवढ्यात पाचवं शील संपलं आणि डोळे मिटलेले गुरुजी सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "साधु, साधु, साधु!"

मागच्या बाजूला कोणीतरी फस्सकन हसलं. मग दोघी हसल्या, मग अर्धं अंगण. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. माझंही हसू तोंडात मावत नव्हतं. बाबांनी पिल्लू ओंजळीत घेतलं आणि आत गेले. करुणेवरचे चार शब्द त्या दिवशी झालेच नाहीत. लोक खीर खाऊन गेले, आणि मांडवावर बुलबुलाची मादी संध्याकाळपर्यंत ओरडत राहिली. पहिल्यांदाच मिलच्या घरघरीवर चढून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

रात्री जेवताना बाबा कोणाकडे न पाहता म्हणाले, "उद्यापासून ही या घरात नको."

कोण, असं कोणी विचारलं नाही. आत्या वाढत होती. तिनं डाळीचं भांडं खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"बरं," ती म्हणाली.

सकाळी बाबांनी पोत्याला हवेसाठी भोकं पाडली. पाटलीण स्वतःहूनच पोत्यात शिरली. नव्या जागेची तिला कायम आवड. मी सायकलच्या कॅरियरवर पोतं मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही आंबागडला निघालो. तिथल्या एका शेतकऱ्याच्या बैलाला बाबांनी वाचवलं होतं आणि त्याच्या घरी धानाच्या कोठीला उंदरांनी वेढलं होतं, तेव्हा मांजर त्यांना हवी होती. उन्हं चढत होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या कोरड्या पडलेल्या, आणि पोत्यातून सगळा वेळ समाधानाची गुरगुर.  आंबागडच्या किल्ल्याचा डोंगर दिसायला लागला तेव्हा बाबा म्हणाले, "आपण काही वाईट करून नाही राहिलो." पोत्याला की मला, ते कळलं नाही.

शेतकऱ्याच्या बायकोनं आम्हाला पाटावर बसवून आंबील दिली. पाटलीण पोत्यातून निघाली, कोठीभोवती एक फेरी मारून आली आणि उंबऱ्यावर बसली.

"एवढी चांगली मांजर काहून देऊन राहिले, भाऊ?" बाईंनी विचारलं.

"पाखरं मारते," बाबा म्हणाले.

बाईंनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. बाबा काहीतरी गंमत करताहेत अशी त्यांची समजूत झाली असावी. "मांजर पाखरं नाही मारन तं काय वांगे खाईन?" त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. बाबांनी आंबील अर्धी ठेवली.

परत आलो तर आई दारातच उभी. तिचे हात पिठानं भरलेले नव्हते, ओले नव्हते, नुसते मोकळे होते. तिला अशी मोकळ्या हातांनी उभी मी पाहिलीच नव्हती.

"बाई गेल्या," ती म्हणाली.

"कुठे?"

"पेटी घेऊन गेल्या. मांजर पोचवाले आली होती, ते पोचली, म्हणे. आता मी बी जाते."

"तू थांबवलं नाहीस?"

आई माझ्या जन्मात बाबांवर आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशीही आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला की मला जवळ जावं लागलं. "मी कशी थांबवू? सगळ्या घागरी भरून ठेवल्या त्यांनी जायच्या आधी. अंगण झाडलं, भांडी घासली. म्हटलं, बाई, काहून करता एवढं? तं म्हणाल्या, पाहुन्यानं जातानी असं करून जावं. पाहुन्यानं म्हणाल्या. माझ्या तोंडातून शब्द नाही निघाला." मग ती बाबांकडे वळली. "अजी, तुम्ही सकाळी मांजर सोडाले गेले होते का बहिनीले, ते एकदा मले सांगा."

बाबा उंबऱ्यावर बसले. थोडा वेळ त्यांनी बुटाची नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. मग तशाच सुटलेल्या नाड्यांनी सायकलवर बसले, आणि मी मागून पळत जाऊन कॅरियर पकडला.

बस स्टँडवर आत्या पिंपळाच्या पारालगत पेटीवर बसली होती. पाठ आमच्याकडे. ती लहानशी पेटी आणि पेटीवर ती. बाबा जवळ गेले, सायकल लावली, आणि आता काय बोलायचं हे ठरवलेलं नसल्यामुळे त्यांनी विचारलं, "साकोलीची गाडी लागली नाही का?"

"लागली होती. गेली."

"मंग?"

"गर्दी होती," आत्या म्हणाली. दिघोरीला साकोलीवरून जावं लागे, आणि उन्हाच्या त्या वेळी साकोलीच्या गाडीत कंडक्टर आडवा होऊन झोपू शकत असे, हे तुमसरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांनी घसा साफ केला. "बाई, घरात उंदीर झालेत."

"सकाळपासून?"

"हो."

आत्यानं पहिल्यांदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. घामानं भिजलेला सदरा, सुटलेल्या नाड्या. "तुले खोटं बोलता येत नाही, नामदेवा," ती म्हणाली. "लहानपनी बी येत नव्हतं. दिघोरीले माही जागा नाही रायली गा. तठी आता सवतीचं पोरगं रांगते. मी उंबऱ्यावर बसली तं पोरगं माह्या अंगावर येते, अन् त्याची माय धावत येऊन त्याले उचलून नेते." आमच्यापैकी कोणाशीही ती बोललेली ही पहिली खरी गोष्ट. आसपास चहाचे कप वाजत होते, कोणी खारे शेंगदाणे विकत होतं, आणि बाबा तिथे धुळीतच, तिच्या पायांपाशी, मांडी घालून बसले. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बस स्टँडवर जमिनीवर बसलेले पाहून दोन-चार माणसं थांबली. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मले मांजरीचा राग होता," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तुझा नव्हता. मले तुझ्याशी बोलताच नाही आलं." आणखी एक गाडी लागली, लोक चढले, ती गेली. "घरी चल, बाई. मांजर राहो नाही तं न राहो."

आत्यानं लुगड्यावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "तिले तठी बांधून ठेवली का मोकळी सोडली?"

"मोकळी."

"बावळट हायस," आत्या म्हणाली, आणि पेटीची एक कडी धरून उभी राहिली. दुसरी बाबांनी धरली.

दुसऱ्या दिवशी बाबा, आत्या आणि मी एसटीनं आंबागडला गेलो. पाटलीण उंबऱ्यावर नव्हती. रात्री कोठीतले उंदीर तिनं नजरेखालून घातले होते, आणि सकाळी जंगलाकडून कुठल्याशा पाखराची शीळ आली तशी ती उठून चालती झाली, असं शेतकऱ्याची बायको म्हणाली. आत्या गावातून हाका मारत निघाली. "पाटलीन! ओ पाटलीन! या घरी, सुकट देते!" तिसऱ्या हाकेला एका मोठ्या घराचं दार उघडलं आणि नऊवारीतली एक धिप्पाड म्हातारी बाहेर आली. "कोन वो? काय पायजे?" त्या खरोखरच गावच्या पाटलीणबाई होत्या. बाबा जागच्या जागी गोठले. आत्यानं मात्र त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "तुमाले नाही बाई. आमची दुसरी हाय." त्या म्हातारीला काय समजलं कोण जाणे; पण तिनं आम्हाला अंगणात बोलावलं, बाजेवर बसवलं, चहा दिला, आणि आपल्या गड्याला मांजर शोधायला पाठवलं. मांजर सापडली नाही. किल्ल्याच्या पायथ्याच्या जंगलात तिचं काय झालं, तिथल्या पाखरांचं काय झालं, मला माहीत नाही. बिबट्याही त्या बाजूला असत, आणि पाटलीणीनं त्यांनाही वाट सोडली असेल असं वाटत नाही.

बाग पुन्हा बोलती झाली, पण बाबांना वाटलं होतं तशी नव्हे. पुढच्या उन्हाळ्यात बुलबुलांनी त्याच मांडवावर घरटं केलं, आणि एका सकाळी भारद्वाज उतरला, गंभीर पावलं टाकत मांडवावर चढला आणि तिन्ही पिल्लं एकेक करून घेऊन गेला. आईनं त्याला हात जोडले, कारण त्याचं दर्शन शुभ मानतात. भारद्वाजाला कोणी पोत्यात घालून आंबागडला नेलं नाही. बाबा खिडकीत उभे होते. त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं आणि दवाखान्यात निघून गेले. परवा माझ्या नातीनं मला फोनवर काहीतरी वाचून दाखवलं, मांजरींना घरातच ठेवावं, बाहेर सोडू नये, पाखरं संपत चाललीत, अशा अर्थाचं. बरोबरच आहे ते. मी तिला म्हटलं, बरोबर आहे. बाबा आज असते तर त्यांनीही मान डोलवली असती.

पण आंबागडहून परतलो त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. उन्हानं तिघंही काळवंडलो होतो. आईनं वांग्यात झिंगे घालून भाजी केली होती आणि लाखोळीची डाळ, लसूण भरपूर घालून. आम्ही ताटावर बसलो. आज बायकांनीही सोबतच बसावं, असं बाबा म्हणाले, आणि आई वाढता वाढता बसली. मांजर नव्हती, बोलायला विषय नव्हता.  आत्याचं ताट रिकामं झालं. इतक्या महिन्यांत ती वाढलेलं तेवढं संपवून हात धुवायला उठायची. मी तिच्या शेजारीच बसून रोज जेवत होते आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या दिवशी ती उठली नाही. ताटातली शेवटची शितं बोटानं गोळा करत म्हणाली, "सुलोचना, भात हाय का वो अजून?"

आईनं भाताच्या गंजात पाहिलं. गंजाच्या बुडाशी करपलेली खरवड तेवढी होती.  ती उठली, चुलीतली लाकडं पुढे सारली, तांदूळ धुतले आणि नवं आधण ठेवलं. आम्ही सगळे हात तसेच ठेवून, भात होईपर्यंत ताटांवर बसून राहिलो.